सारेचा चेहरा

३ मार्च
सारेचा चेहरा फोडला यांनी! आठ दिवस काचेवर रंगवत होते मी. भट्टीतून काढला, अजून कोमट होता — सरळ फरशीवर आपटला. का? तर रागीट दिसते म्हणे.
चर्चसाठी काचेच्या चार खिडक्या करतोय आम्ही — सारा, रिबका, राहेल, लेआ. पाळकसाहेबांची ताकीद आहे, "आद्यमाता सौम्य हव्यात. सारा नवऱ्याला धनी म्हणायची, बायबलात पेत्राने लिहून ठेवलंय." मी म्हटलं, देवानेच तिच्या नवऱ्याला, अब्राहामाला सांगितलं ना, सारा सांगेल ते ऐक? यांनी कानशिलात ठेवून दिली. "मला शास्त्र शिकवतेस?"
कान अजून गुणगुणतोय.

११ मार्च
आमच्या कारखान्यात काचा धुणारी पोरगी पोटुशी आहे. यांच्यापासून. सासूबाईंनीच सांगितलं, भाजी निवडता निवडता. "सारेने नाही का मुलासाठी नवऱ्याला दासी दिली आपली? तुला कुठे मूल होतंय!"
अहो, सारेने स्वतः दिली! मला कुणी विचारलं?

१२ मार्च
मारलं मी त्या पोरीला. झिंज्या धरून फरफटवलं. काचांच्या ढिगावर पडली, तळवा फाटला. बरं वाटलं मला — खोटं कशाला लिहू?
मग बायबलातलं उत्पत्तीचं पुस्तक उघडलं. सारेनेही त्या दासीला, हागारेला, असंच छळलं. ती पळाली, तर देवदूताने परत पाठवली! मार खायला! आणि आम्ही सारेच्या लेकी म्हणवून घेतो.
जाऊन तिचा हात बांधला. ती म्हणाली, "ताई, मी हो म्हटलंच नव्हतं कधी." लाजेने मेले मी.

२९ मार्च
नवी सारा पाळकसाहेबांना आवडली. "किती शांत!" चेहरा त्या पोरीचा काढलाय. कुणाला कळलं नाही.

२ एप्रिल
पाळकसाहेबांच्या कानावर गेलं तर काम जाईल, म्हणून हे तिला मूल पाड म्हणाले. ती नाही म्हणाली. पोटात लाथ घातली! मी मध्ये पडले, माझे दोन दात गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ वाचलंय. अजून एक लाथ बसली तर दोघंही जातील.
कुठे ठेवू हिला?

५ एप्रिल
लेआची खिडकी बसवताना हे शिडीवरून पडले. जागीच गेले. पोलीस दारात थांबलेत, कपडे घ्या म्हणाले. शिडी मी ओढली, असं सांगितलंय. ओढली त्या पोरीने. सासूबाई समोरच होत्या. त्यांनी तिच्या पोटाकडे पाहिलं आणि पोलिसांना म्हणाल्या, "सुनेनेच."
अकरा वर्षांत आमचं पहिल्यांदा एकमत झालं.