ओल्या सिमेंटवरची पावलं

॥ श्री ॥

केशोरी, ता. अर्जुनी मोरगाव
सोमवार, १२ मे २०२५

चि. चेतना हिस,

बाबांचा आशीर्वाद. हेमेंद्ररावांना नमस्कार सांग. लेकराच्या डोक्यावरून माझ्या वतीनं हात फिरव.

इकडे सगळं ठीक आहे. ऊन फार आहे. उन्हाळी धान कापून झालं, मळणीवाला उद्या-परवा करतो आहे. पार्वताबाई आत्यानं आंब्याचं लोणचं घातलं, तुझी बरणी वेगळी काढून ठेवली. आज बुद्धपौर्णिमेची सुटी, पोस्ट बंद. खालच्या मोहल्ल्यात सकाळपासून खिरीचं वाटप चाललं आहे, खेमराजनं आपल्याकडेही डबा पाठवला. भुरा बरा आहे. दुपारभर गाईच्या पाण्याच्या नांदीत पुढचे पाय टाकून बसतो. गाय बिचारी तहानलेली उभी राहते, पण त्याला उठवत नाही.

पत्र पाहून तुला नवल वाटेल. तू नागपूरला नर्सिंगच्या हॉस्टेलमध्ये होतीस तेव्हा लिहायचो, त्यानंतर आजच. तेव्हा तुझी आई बाजूला तांदूळ निवडत बसायची आणि सांगायची, "खाली नाव टाकशीन त माह्यं पहिले टाक." परवा फोनवर तू विचारलंस, भुराला न्यायला कधी येऊ. मी "आवाज येऊन नाही राहिला" म्हणून ठेवून दिला. आवाज चांगला येत होता.

तुझं म्हणणं खरं आहे. कुत्रा तुझाच. तूच त्याला जानेवारीच्या थंडीत खोक्यात घालून एसटीनं आणलंस. घरमालक ठेवू देत नव्हता म्हणालीस. नाव सांगितलंस मॅक्स. आई म्हणाली, "मले नाही जमत ते मॅक्स-बॅक्स. रंग भुरा आहे, मी भुराच म्हणीन. अन् मी याचं काही करणार नाही, आधीच सांगून ठेवतो बाई." त्या दिवशी दुर्गाप्रसाद मिस्त्री स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी ओटा घालत होता, मी त्याला माल कालवून देत होतो. पिल्लू खोक्यातून निघालं ते थेट ओल्या सिमेंटवर गेलं. आई धावली आणि वाकून तिनं त्याला उचललं. त्याची पावलं उमटली, आणि शेवटच्या पावलाला लागून तिच्या चार बोटांचे खळगे.

मिस्त्री म्हणाला, "सरका वहिनी, थापी मारून देतो."

"राहू दे ना भाऊ. घरात लेकरू आल्याची खूण होय ते."

काही करणार नाही म्हणणाऱ्या बाईला हे बोलायला चहा उकळण्याएवढाही वेळ लागला नव्हता. तू हसली होतीस.

पहिल्याच आठवड्यात दूध-भातानं त्याचं पोट बिघडलं. आई त्याला ओच्यात घेऊन अर्जुनीच्या जनावरांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर म्हणाले, दूध बंद करा, लस चुकवू नका, उकडलेलं अंडं द्या. आपल्या घरात अंडं कधी शिजलं नव्हतं. तिनं मागच्या अंगणात तीन विटांची चूल मांडली, स्वयंपाकातला एक जुना गंज वेगळा केला, आणि रोज तिथं अंडं उकडू लागली. मी पोथी वाचायला बसलो की वास यायचा. म्हटलं, "देव नाक धरून बसला असेल." म्हणाली, "देवालेही लेकरं आहेत."

दात येताना त्यानं माझी तुळशीची माळ चावून टाकली. मी रागावलो, तर तिनं उरलेले मणी गोळा करून दुसऱ्या दोऱ्यात ओवून दिले, माळ आखूड झाली, तीच अजून गळ्यात आहे. त्याचा पडलेला दात तिला केर काढताना सापडला. तुझा टाकला होता तसाच तिनं तो छपराच्या कवेलूवर टाकला. पावसाळ्यात गोचीड काढायची, तलावातून पोहून आला की कापसानं कान कोरडे करायची. उन्हाळ्यात ओलं पोतं अंथरायची. सांजेला फणी घेऊन बसायची, केसांचा ढीग निघायचा, आणि तेच केस पुढे चिमण्यांच्या घरट्यांत दिसायचे. वर्ष झालं तेव्हा तो वासराएवढा झाला होता. बिसरामदादा येता-जाता मला टोकायचे, "काऊन गा जागेश्वर, हा राखण कोणाची करते? चोर आला त चप्पल आणून देईन त्याले."

एक नियम मात्र तिचा पक्का होता. स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडायचा नाही. तो मग उंबरठ्याच्या बाहेर आडवा पसरायचा, दार अडवून. आई पाण्याचा गुंड घेऊन आली की म्हणायची, "सरक रे." तो मागचे पाय पोटाशी घ्यायचा, तिच्यापुरती वाट करायचा, शेपटी दोनदा जमिनीवर आपटायचा, आणि ती गेली की पुन्हा पाय पसरायचा. माझ्यासाठी तो कधी सरकला नाही. मी त्याला ओलांडून जातो, अजूनही.

आज एवढंच लिहितो. कोणाकडे जेवायला जायचं नाही की भजनाला जायचं नाही, काम काही नाही, पण पुढचं लिहायला हात चालत नाही.

मंगळवार

सकाळी पोस्टात जायला निघालो होतो. पत्र खिशात घालून परत आलो.

दीड वर्षामागं कार्तिकात आई गेली ते तुला फोनवरच कळलं. तुझे दिवस भरले होते, डॉक्टरांनी येऊ दिलं नाही, बरंच केलं. खळ्यात धानाची रास लावता लावता ती बसली, डोकं दुखून राहिलं म्हणाली, आणि गाडी येईपर्यंत संपलं. हे तुला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते भुराचं.

भुरानं तिला शोधलं नाही.

आपल्याकडे माणूस गेलं की कुत्रं घरभर हुंगत फिरतं, खाणं सोडतं. लोक मला विचारत होते, जेवते का गा तो. जेवत होता. झोपत होता. पहिल्या दिवशी मला वाटलं, मुकं जनावर, त्याला काय कळणार. दुसऱ्या दिवशी सांजेला मी ओसरीवर बसलो होतो. तो उंबरठ्याशी आडवा होता. घरात कोणी नव्हतं, आत्या नदीवर गेली होती. त्यानं मागचे पाय पोटाशी घेतले. शेपटी दोनदा आपटली. जरा वेळानं पाय पसरले.

तेव्हापासून रोज. कधी सांजेला, कधी सकाळी चुलीच्या वेळी. कधी उताणा पडतो आणि पाय हलवतो, आई तांदूळ निवडता निवडता पायाच्या अंगठ्यानं त्याचं पोट खाजवायची तेव्हा हलवायचा तसा. हरवलेलं माणूस शोधतात, चेतना. त्याचं काही हरवलंच नाही.

आता अक्षय तृतीयेचं. यंदा तू आईची घागर भरायला आलीस, बरं वाटलं. तू लेकराला ओसरीवर सोडलंस आणि म्हणालीस, "भुरा, बघ, कोण आली." त्यानं तिचे पाय हुंगले, हात चाटला, कोणाही पाहुण्याच्या लेकराचा चाटतो तसा, आणि उंबरठ्याशी जाऊन पडला. तुझं तोंड मी पाहिलं. गाडीत बसताना तू मला विचारलंस, "बाबा, यानं आईले ओळखलं काऊन नाही?" मग म्हणालीस, चार महिने आमच्याजवळ राहील तर ओळखेल. म्हणून तुला तो न्यायचा आहे. फोनवर तू हे बोलली नाहीस, पण मला कळलं.

दुसरंही एक त्या दिवशी पाहिलं. हेमेंद्ररावांनी लेकराला "प्रेरणा" म्हणून हाक मारली, दोनदा मारली. तिनं मान वळवली नाही. तू "आई" म्हणालीस, तशी लगेच धावत आली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते तिची चप्पल शोधू लागले.

आता मला पिठाचं सांगितलं पाहिजे.

दहाव्याच्या रात्री आपल्याकडे करतात ते सगळं केलं. स्वयंपाकघरात तांदळाचं पीठ चाळून पसरलं, दिवा लावला, वर टोपली पालथी घातली, दार लोटलं. गेलेलं माणूस पुढं कोणाच्या जन्माला जातं ते पिठावर उमटतं असं म्हणतात. भुराला मी स्वतः गोठ्यात साखळीनं बांधलं होतं. पहाटे बिसरामदादांनी टोपली उचलली. त्यांना मोतीबिंदू आहे, हे तुला माहीत आहे, पण गावात पीठ तेच पाहतात. ते पिठावर वाकले, बराच वेळ पाहिलं, म्हणाले, "पाऊल होय. लहान आहे. लेकराचं." तेवढ्यात हेमेंद्ररावांचा फोन आला की मुलगी झाली. पार्वताबाई रडायलाच लागली, म्हणाली, "रुख्मिणी लेकीच्या पोटी गेली वो माय." सगळ्यांनी हात जोडले. आत्यानं तिथूनच तुला फोनवर सांगितलं. तू दवाखान्यात होतीस, आई गेल्यापासून पहिल्यांदा तुझा आवाज ओला नव्हता. मी कोण होतो तो आवाज मोडणारा?

सगळे बाहेर गेल्यावर पीठ भरायला मी आत गेलो. पाऊल लहान होतं, खरं. पण ते लेकराचं नव्हतं. पिल्लाचं होतं, महिन्या-दीड महिन्याच्या. दादांना जी टाच वाटली ती त्याच्या पंजाची गादी होती. आणि जी बोटं वाटली ती बोटंच होती, पण पायाची नव्हेत. माणसाच्या हाताची चार बोटं, पावलाला लागून, वाकून काही उचलताना टेकतात तशी.

मी मागच्या दारानं ओट्यावर गेलो. ते पाऊल आणि ते खळगे मी रोज पाहतो. माल मीच कालवला होता. बोटं आत ठेवून पाहिली, मग पिठावर धरून पाहिली, माप तेच. मग पीठ भरलं आणि नदीत सोडून आलो. गोठ्यात भुरा साखळीला होता, एवढा मोठा, शेपटी हलवत.

मांजर असेल, असंही मी स्वतःला सांगून पाहिलं. टोपली पालथी होती, दार लोटलेलं होतं. आणि मांजराला उचलायला कोण वाकलं?

म्हणून सांगतो, बाई. तुझी आई तुझ्या पोटी आली नाही. ती कोणाच्याच पोटी गेली नाही. पिठावर दुसरा जन्म नव्हताच. तीच होती, आपल्या घरात, आपलं पिल्लू ओल्यातून उचलून घेत. तुला वाईट वाटेल. मलाही हे लिहिताना वाईट वाटतं. पण तुझ्या मांडीवर जी आहे ती पहिल्यांदाच जगात आली आहे. तिला कोणाचं काही आठवत नाही, तिला कोणाला ओळख पटवून द्यायची नाही. भुरानं तिच्यात कोणाला ओळखलं नाही, कारण त्याच वेळी तुझी आई उंबरठ्याच्या आत होती. तिला तिच्या नावानं हाक मार. पहिले काही दिवस वळून बघणार नाही. मारत राहा.

आणि माझं एक. हे मी देवापुढेही नीट बोललेलो नाही. रोज सांजेला मी तिच्या मुक्तीसाठी एक अध्याय वाचतो. मोठ्यानं वाचतो, तिला ऐकू जावं म्हणून. मनापासून मागतो की तिला मोकळं कर. आणि पोथी मिटली की आधी उंबरठ्याकडे बघतो. भुरानं पाय आवरले की मला बरं वाटतं. एखाद्या सांजेला तो तसाच पडून राहिला तर मला जेवण जात नाही. मागणं एक आणि वाट पाहणं दुसऱ्याची. देव कोणतं ऐकतो आहे ते मला माहीत नाही. मला ती दिसत नाही, चाहूल लागत नाही, स्वप्नातही येत नाही. फक्त भुराला कळतं. तो गेला तर ती घरात कुठे आहे ते मला कोण सांगेल?

म्हणून त्याला नेऊ नकोस. तू आलीस तर मी अडवणार नाही, साखळी तुझ्या हातात देईन, एवढंच सांगतो. पण नेऊ नकोस. त्याचं तोंड आता पांढरं व्हायला लागलं आहे, ही जात फार वर्षं जगत नाही असं डॉक्टर म्हणतात. तो जाईल तेव्हा माझंही मागणं एकच उरेल. तोवर राहू दे.

प्रेरणाला तिचं स्वतःचं पिल्लू आण. दूध देऊ नका, लस चुकवू नका, कान कोरडे ठेवा. घरात कुठं सिमेंटचं काम निघालं तर त्याला त्यावरून चालू दे आणि मिस्त्रीला थापी मारू देऊ नकोस. उचलायला प्रेरणाला वाकू दे.

सांज झाली. पोथी अजून वाचायची आहे. भुरा उंबरठ्याशी आडवा आहे. हे लिहिता लिहिता आत्ताच त्यानं पाय पोटाशी घेतले. शेपटी दोनदा आपटल्याचा आवाज आला. मी कागदावरून मान वर केली नाही.

पाय पसरले की उठतो आणि दिवा लावतो.

तुझे,
आई आणि बाबा