साहेबांचा दुसरा हुकूम

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (त्यातून गुडघे वगळ, ते जमिनीला टेकले की परत येत नाहीत.) तुझ्या गुडघ्यांचं काय? एकटीने तिसरा मजला अजून चढतेस? खरं सांग.

मी मजेत आहे आणि साहेब झाले आहे. आमच्या इमारतीची रीतच अशी, की अध्यक्ष निवडताना जो खोलीत नसेल तोच निवडून येतो. म्हणून लोक अंगात ताप असला तरी सभेला येतात. दूध उतू जाईल म्हणून मी दोन मिनिटं घरी गेले, परतले तर टाळ्या. (दूधही गेलंच.)

तेव्हापासून वॉचमन मला साहेब म्हणतो. आपली आई बाबांना साहेब म्हणायची ती फक्त भांडण झालं की. आमच्या ह्यांना ऑफिसात तीस वर्षं साहेब म्हणत, आता वॉचमन त्यांना विचारतो, "साहेबांना निरोप द्याल का?" हे देतात, अगदी वेळेवर. मला विचारशील तर खरी साहेब तूच. शाळेत कॅप्टनचा निळा पट्टा लावून सख्ख्या बहिणीला बुटांना पॉलिश नाही म्हणून उन्हात उभं केलंस. (मग मैदानामागे स्वतःच्या रुमालाने माझे बूट पुसलेस. ते मी कुणाला सांगत नाही, दरारा जाईल.)

माझा पहिला हुकूम: शनिवारी दहाला टाकी धुणार, पाणी बंद. सव्वादहाला मी डोक्याला साबण लावून उभी, आणि नळ कोरडा. खिडकीतून ओरडले, तर प्लंबर खालून म्हणतो, "साहेबांची सही आहे बाई. कुणासाठी उघडू नका असं लिहिलंय." शेवटी ह्यांनी तळमजल्यावरच्या रिकाम्या घरातून (तिथला नळ टाकीवर नाही) भरलेली बादली आणली, म्हणून हे पत्र लिहायला मी आहे.

तुझी,
धाकटी

ता. क. बादली परत ठेवायला गेले तेव्हा ते घर नीट पाहिलं. दोन खोल्या, सकाळचं ऊन, पायरी एकही नाही. नवीन बिऱ्हाडाला अध्यक्षांची मंजुरी लागते.

ता. क. पुन्हा एकदा. मंजुरी तुझ्या नावाने शिक्का मारून दिली आहे. नाही म्हणालीस तर उन्हात उभी करीन. रुमाल धुऊन ठेवला आहे.