चिमूटभर ज्येष्ठमध

चिरंजीव डॉक्टर यांस,

दाजींचे आशीर्वाद. (वयाने लहान म्हणून चिरंजीव, आणि परवा फोनवर माझ्याशी ज्या आवाजात बोललास, त्यामुळे डॉक्टर.) तुम्ही सगळे खुशाल असाल. मी उत्तम आहे. तुझी ताई तुझ्याकडे चार दिवस विश्रांतीला गेली आहे, असं मी गल्लीत सांगितलं. खरं कारण गल्लीला माझ्याआधी ठाऊक होतं, हा भाग वेगळा. ब्लडप्रेशर आणि राग हे दोन्ही उतरल्याशिवाय ती परत येणार नाही, असा तुझा निरोप मिळाला. दोहोंपैकी आधी काय उतरतं ते कळव. तोवर माझी बाजू ऐकून घे, कारण आत्तापर्यंत तू एकाच पक्षाचं ऐकलं आहेस.

सुरुवात ताईच्या कोरड्या खोकल्यानं झाली. कोपऱ्यावरच्या वैद्यांनी ज्येष्ठमधाची पूड चिमूटभर, आठवडाभर घ्यायला सांगितली. आता ज्येष्ठमध आमच्याच परसात आहे, हे तू जाणतोस. (गेल्या खेपेला तू त्याला रानटी वाटाणा म्हणाला होतास. नातं वाटाण्याचंच, पण याच्या शेंगेला कोणी विचारत नाही, सगळा मान मुळाला. शिवाय वाटाण्यासारखं दरवर्षी पेरायला नको. एकदा रुजलं की वर्षानुवर्षं जमिनीखालून हातपाय पसरत राहतं. तुझ्या आत्याबाईंची आठवण होते.) मी मूळ खणलं, धुतलं, वाळवलं, कुटलं. खोकला गेला. मग पुस्तक उघडलं, तर घसा, पित्त, तोंड येणं, सगळ्यावर ज्येष्ठमध! वर साखरेहून गोड. ताईची साखर तूच बंद केलेलीस, तिचा चहा म्हणजे नुसती शिक्षा. मी ज्येष्ठमध चहातच घालायला लागलो आणि पहिल्या घोटाला ती चक्क हसली. अशा वेळी आठवडा संपला म्हणून हात आखडता घेणारा नवरा मी नव्हे.

आता राहिलं माप. तुला हे क्षुल्लक वाटेल, पण मी जन्मभर वजनमापे निरीक्षक होतो आणि चिमूट नावाचं माप कायद्यात नाही. चिमूट कोणाची? वैद्यांची बोटं काडीसारखी. मी शिंप्याची, न्हाव्याची आणि लोहाराची चिमूट काट्यावर घेतली. (शिंप्यानं आधी कारण विचारलं आणि कारण ऐकून दुकानाचं दार लोटून घेतलं, त्यामुळे त्याची चिमूट फटीतून घ्यावी लागली.) सगळ्यांत भारी भरली ती लोहाराची. दुकानदारांना मी एकच दम देत आलो, गिऱ्हाइकाला कमी जाता कामा नये. मग घरच्या माणसाला कमी घालू? लोहाराची चिमूट प्रमाण धरली आणि दर चहाला ती काट्यावर मोजून घातली, कधी एक गुंजही कमी नाही.

काही दिवसांनी ताईच्या चपला तिला होईनात. माझ्या खात्यात राहिलेला माणूस पहिला संशय कोणावर घेईल? मी चपला घेऊन थेट दुकानात गेलो, पितळी पट्टी लावली आणि मालकाला चारचौघांत माल आखडल्याबद्दल फैलावर घेतलं. बिचारा म्हणाला, चप्पल वर्षाची जुनी आहे, ती आता कशी आखडेल? पट्टीवर माप तंतोतंत भरलं. तेव्हा मी पाय मोजायला हवे होते, हे आता तू सांगू नकोस. मग तिचं डोकं दुखायला लागलं. गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंनी प्रेशर घेतलं, आकडा ऐकून त्याच दचकल्या आणि ताबडतोब तुझ्याकडे न्यायला सांगितलं. मी त्यांना विचारलं, या यंत्रावर पडताळणीचा शिक्का कुठे आहे? दवाखाना भरलेला होता. मी यंत्र उलटं केलं, तळ पाहिला, रबराची नळी वाकवून पाहिली. ताई पलंगावर तशीच पडून होती. ती हळूच म्हणाली, "यंत्राचं राहू द्या. मी सांगतेय ना, मला बरं वाटत नाहीये."

आणि मी म्हणालो, "बरं वाटत नाही म्हणजे नेमकं किती?"

ती पलंगावरून उठली. घरी आली, बॅग भरली आणि रिक्षा बोलावून तुझ्याकडे निघाली. ज्येष्ठमध अति झालं की अंगात मीठपाणी साठतं, हे फोनवर मला तू शिकवलंस. वैद्यांकडे जाब विचारायला गेलो तर तेही तेच म्हणाले, आणि वर विचारलं, आठवडा म्हणजे किती दिवस हे निरीक्षकाला कळत नाही का? दोन वेगवेगळ्या शास्त्रांचं माझ्याविरुद्ध एवढं एकमत व्हावं, याचं मला वाईट वाटलं. तरी माझा हेतू वाईट नव्हता, एवढं ताईला सांग. घर फार मोठं वाटतं आहे.

तुझा,
दाजी

ता. क. झुडूप उपटून टाकलं, असंही तिला सांग. (उपटलं हे खरं. पण खाली राहिलेल्या मुळांना रोज नवे कोंब येतात, ते सांगू नकोस. मी रोज सकाळी उपटतो.)

ता. क. २ वर 'मी उत्तम आहे' असं लिहिलं, ते खोडायचं राहून गेलं. तिला एकटीला निराळा चहा देणं बरं दिसेना, म्हणून तोच चहा मीही घेत होतो. माझेही पाय सुजले आहेत आणि डोकं ठणकतं.

ता. क. ३ पाकिटावर तिकीट नाही, कारण ते टपालानं आलेलं नाही. मी खाली तुझ्याच दवाखान्यातल्या बाकावर बसलो आहे आणि तुझ्या कंपाउंडरच्या हाती हे आत पाठवतो आहे. माझा नंबर येईल तेव्हा तपास, यंत्र कुठलंही चालेल. पण त्याआधी वर घरात ताईला विचार, मी येऊ का. ती स्वतःच खाली यायला निघाली, तर जिना सावकाश उतर म्हणावं. मला घाई नाही.