मळ्याच्या मातीचा रिपोर्ट

मुलुंड (पूर्व),
१० फेब्रुवारी १९८५

ती. स्व. राजारामकाका यांस,

बाळचा साष्टांग नमस्कार. (आशीर्वाद द्यायचा की नाही, ते पत्र पुरे वाचून ठरवा.) इकडे आम्ही खुशाल. तुमचा गुडघा काय म्हणतो? काकूंचा खोकला गेला का? वहाळाच्या काठचा मळा येत्या गुरुवारी दशरथ परबाला विकताय, असे तुमचे कार्ड आले. कारण काय, तर 'आपल्या बाळने तपासून घेतलेला रिपोर्ट'. ते वाचले आणि लगेच हे पत्र लिहायला बसलो.

मळ्यात भाजी होईल का, हे माती तपासून ठरवावे, ही टूम माझीच. एक पुस्तक वाचले आणि ऑफिसात मी मातीतला तज्ज्ञ म्हणून मिरवू लागलो. (कुंडीतला कढीपत्ता मी दोनदा मारला आहे, ते तिथे कोणाला ठाऊक नाही.) तुम्हांला लिहिले, आठ ठिकाणी वीतभर खणा, सगळी माती एकत्र करा आणि त्यातली अर्धा किलो पाठवा. तुम्ही नेहमीप्रमाणे सढळ हाताने, इकडे येणाऱ्या सहदेवबरोबर गोणभर पाठवलीत. आता गावाहून आलेली गोणी कोणी तपासायला ठेवते का? मी संध्याकाळी घरी येतो तो सुगंधाने ती सगळी माती गॅलरीतल्या कुंड्यांत भरून, वर पाणी घालून, वांग्याची रोपेसुद्धा लावलेली! तिला काय बोलणार? मी घरात सांगितलेच नव्हते.

तुम्हांला कळवायची लाज वाटली. म्हटले, माती ती माती, मुलुंडची काय नि गावची काय! बिल्डिंगच्या मागे आठ ठिकाणी वीतभर खणले. (शास्त्र सोडले नाही.) सोसायटीचा सेक्रेटरी नंदकिशोर वरून ओरडला, "काय पुरतोयस रे?" खरे तर अक्कलच पुरत होतो. त्या जागी गेल्या वर्षी प्लास्टरचा मलबा टाकला होता, हे रिपोर्ट आल्यावर आठवले. 'चुना अति, भाजीपाल्यास अयोग्य.' ती माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या बिचाऱ्यांनी बरोबरच लिहिले होते. तोच कागद मी तुम्हांला पाठवला. काका, चुकलो. भेटाल तेव्हा कान पिळा.

तुमचा,
बाळ

ता. क. पोस्टावर विसंबलो नाही. सहदेव आज एस.टी.ने गावाला निघतोय, त्याच्याच हाती पत्र देतोय. सोबतच्या पिशवीत सात वांगी आहेत. तुमच्याच मातीतली, आमच्या गॅलरीतली. खरा रिपोर्ट तो समजा आणि दशरथला नाही म्हणून सांगा.

ता. क. २. रिटायर झाल्यावर त्या मळ्यात भाजी लावायची, हे माझ्या मनात कधीपासून आहे. बोललो नाही कधी. थोडा तुकडा माझ्यासाठी ठेवाल?

ता. क. ३. सुगंधाने पत्र वाचले. यायला ती तयार आहे. एकच अट, मातीला मी हात लावायचा नाही.