जीपला नवे बुश

रविवार, संध्याकाळ, पाली

कंबर दुखायला लागल्यापासून आई आमच्या जीपमध्ये बसतच नव्हती. खड्डा आला की मागून खाडखाड, आणि दणका थेट तिच्या कंबरेत. उद्या तिला भोरला डॉक्टरांकडे न्यायचंय, म्हणून आज मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या टोकांतले झिजलेले रबरी बुश काढले. नवे मात्र काही केल्या आत जाईनात. मी वैतागलो. तेवढ्यात बायको साबणाचं पाणी घेऊन आली.

"बांगड्या अशाच चढत्यात न्हवं?"

बुश सुळकन आत! इतकी वर्षं जीप चालवतोय, मला का नाही सुचलं?

मग आईला घेऊन गुंजवण्यापर्यंत चक्कर मारली. खाडखाड बंद! ती म्हणाली, "डाक्टर झाला की तसंच वेल्ह्याला घे. भैनीला बघून लई दिस झालं."

आत्ता आई मावशीसाठी पिशवीत तांदूळ भरत बसलीय.