दोन बोटांचे माप

ता. ३ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र काल मिळाले. पाच ओळी, त्यातल्या दोन हवेवर. सगळे ठीक आहे असे तू दोनदा लिहिले आहेस, तेव्हा काहीतरी बिनसले आहे हे उघड आहे. मला संशय मात्र मजकुरावरून आला नाही, अक्षरावरून आला. तुझे अक्षर लहानपणापासून उजवीकडे पळते. या पत्रातले डावीकडे कलले आहे आणि प्रत्येक ओळीवर शाई फासली गेली आहे. डाव्या हाताने लिहिणाऱ्याचा तळवा आपलीच ओळ पुसत जातो.

कृत्रिम अवयवांच्या कारखान्यात छत्तीस वर्षे मी लोकांच्या हातांकडे बघून पोट भरते आहे. मला फसवायचे तर पत्र टाइप करून पाठवायला हवे होतेस. आता उजव्या हाताला काय झाले ते सरळ लिही. ‘थोडे लागले’ चालणार नाही. कोणते बोट, कोणत्या पेरापासून, कधी, कशाने, आणि जखम भरली का.

इकडे नेहमीचेच. गेल्या महिन्यात तीन कान, एक नाक आणि एका सुताराचा अंगठा. सुताराने अंगठा आधी उजेडात धरून जोड कुठे दिसतो का ते पाहिले, मग नखावर टिचकी मारली आणि फिनिशिंग बरे आहे म्हणाला. मला इतक्या वर्षांत मिळालेले हे सर्वांत मोठे सर्टिफिकेट. रंग मिसळणारे आमचे काका आणि मी, दोघेही खरे तर निवृत्त आहोत, पण नखे करणारे दुसरे कोणी मिळत नाही म्हणून साहेब सोडत नाहीत.

फोन करू नकोस. फोनवर तू ‘हो ताई, हो ताई’ करून वेळ मारून नेतोस. हे पत्र बायकोला दाखव. माया आहे ती आहेच. ती दर पत्रात लिहून काढणार नाही.

ताई

—

ता. १२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू पोलिसात असतीस तर चोरांनी आपणहून येऊन रांग लावली असती. घे कबुलीजबाब.

डिसेंबरच्या नऊ तारखेला, दुपारी साडेतीनच्या सुमाराला, कागद कापायच्या मशीनवर. तर्जनीची दोन पेरं आणि मधल्या बोटाचं दीड. जखम भरली आहे. चूक माझीच. पात्यापुढची जाळी मध्ये येते म्हणून मीच काढून ठेवली होती, सहा वर्षांपूर्वी. सहा वर्षं काही झालं नाही, त्यामुळे माझंच बरोबर आहे असं मला वाटत होतं. तुला कळवलं नाही, कारण तू ‘जाळी कुठे होती’ हे पहिल्याच ओळीत विचारलं असतंस.

आता कामाचं. कॉलेजच्या लायब्ररीची पुस्तकं मी एकतीस वर्षं बांधतो आहे, हे तुला माहीत आहे. जुने ग्रंथपाल गेले, नव्या बाई आल्या आहेत. त्या दोन एप्रिलला दुकानात येऊन काम बघणार आणि जुनी पुस्तकं माझ्याकडे ठेवायची की मोठ्या प्रेसला द्यायची ते ठरवणार. ते काम गेलं तर माझ्या दुकानात शाळेच्या वह्यांना पुठ्ठे लावणं एवढंच उरेल, आणि त्यासाठी मी दुकान उघडणार नाही. बाईंनी हा हात बघितला तर पुढचं काहीच बघणार नाहीत. तुझ्या हातात जादू आहे असं तू स्वतः कधी म्हणत नाहीस, पण बाकी सगळे म्हणतात. मला दोन बोटं करून दे. कोणाला कळता कामा नयेत अशी.

हिला हे पसंत नाही. ही म्हणते, बाईंना सरळ सांगा. हिला सगळं सरळ सांगायची सवय आहे, ती कुठून लागली ते मला माहीत आहे. तुमच्या दोघींचं आधीपासूनच जुळतं.

रागावलीस तर कमी रागाव, आणि लोभ असेल तेवढा सगळा राहू दे.

बारक्या

—

ता. २० फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

जाळीबद्दल मी काही लिहीत नाही. तू लिहिलेच आहेस.

बोटे करीन. पण आधी नीट समजून घे. सिलिकॉनचे बोट वाकत नाही, धरत नाही, त्याला कळत नाही. उरलेल्या पेरावर ते टोपणासारखे बसते. दिसायला बोट, कामाला काही नाही. रस्त्यात, गाडीत, चारचौघांत लोक टक लावून बघतात. त्या नजरेतून माणसाला सोडवायला आम्ही ती करतो. हाताने करायच्या कामात ती घालून समोरच्याला फसवणे हा वेगळा उद्योग आहे. तो फरक तुला कळतो असे मी धरते.

आता माप. उजव्या हाताची बोटे करायला डावा हात लागतो. त्याचा प्लास्टरचा नमुना मी आरशापुढे ठेवते आणि आरशात दिसते ते मेणात कोरते. सुरकुती न् सुरकुती, नखाची प्रत्येक रेघ. एका बोटाला तीन दिवस लागतात. मेणावरून साचा, साच्यात सिलिकॉन, सिलिकॉनमध्ये रंगाचे थर, आणि शिरांसाठी लोकरीचे निळे-तांबडे तंतू, केसापेक्षा बारीक. फोटो पाठवू नकोस, फोटोवरून मी काम करत नाही. आमच्याकडे नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी एकच सांगते, की समोर नाही ते कोरायचे नाही. डोक्यातला हात हा कोणाचाच हात नसतो.

तुमच्याकडे दातांचे डॉक्टर असतीलच. दातांचे माप घ्यायची त्यांची पावडर असते, ती पाण्यात कालवून तिच्यात पाच मिनिटे डावा हात बुडवायचा. उजव्याच्या उरलेल्या पेरांचेही तसेच माप घ्यायला सांग. दोन्हीत प्लास्टर ओतून पाच मार्चच्या आत पाठव.

तुझ्या बायकोला आशीर्वाद. ती म्हणते ते बरोबर आहे. काळजी करत नाही, फक्त तारीख लक्षात ठेव.

ताई

—

ता. ९ मार्च

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे. तुम्ही वाट बघत असाल आणि मनात यांना बरंच काही बोलून झालं असेल.

हे दातांच्या डॉक्टरांकडे दोनदा गेले. पहिल्यांदा दारापासून परत आले आणि म्हणाले गर्दी होती. दुसऱ्यांदा आत जाऊन उजव्या हाताचं माप देऊन आले, कारण त्या हाताचं आता काही लपवण्यासारखं राहिलं नाही म्हणे. डावा मात्र दिला नाही. कारण विचारलं तर सांगत नाहीत. एकदाच बोलले, की चांगला आहे तो हातही लोकांच्या टेबलावर ठेवू का?

दुकानात अर्धं शटर ओढून बसतात. उरलेल्या तीन बोटांनी फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, शिवायचा सराव चालू आहे. आत मी चहा घेऊन गेले की थांबतात. सुईला, दोऱ्याला आणि मला सारख्याच शिव्या बसतात, म्हणून मी आता चहा बाहेरच्या स्टुलावर ठेवते. शिवण मात्र सुधारते आहे. टाकून दिलेले नमुने मी बघते ना.

मी एक केलं आहे. काल दुपारी जेवून हे खुर्चीत डोळे मिटून बसले होते, तेव्हा डाव्या हाताखाली कागद सरकवून पेन्सिलीने कड काढून घेतली. तर्जनीला आणि मधल्या बोटाला दोरा गुंडाळून घेर घेतला. हे जागे होते असं मला वाटतं, पण हलले नाहीत. कागद, दोरे आणि उजव्या हाताचं प्लास्टर सोबत आहे. तुमच्या नियमात हे बसत नाही ते मला कळतं. पण तीन आठवडे राहिलेत, आणि बोटं नसतील तर हे त्या दिवशी दुकानच उघडणार नाहीत.

तुमच्या रागावरही आमचा हक्क आहे, तो सोडत नाही. प्रकृती जपा.

तुमची भावजय

—

ता. २२ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

डबीत कापसात दोन बोटे आहेत. उरलेल्या पेरावर पाण्याचा थेंब लावून हलके फिरवत चढव. सांधा तर्जनीला दुसऱ्या रेषेत लपतो. मधल्या बोटाला लपत नाही, तिथे अंगठी घाल. सरस गरम करायच्या भांड्यापासून लांब राहा. बॉलपेन आणि वर्तमानपत्र यांचे डाग निघत नाहीत. रात्री काढून ठेवायची.

तू डाव्या हाताचे माप पाठवले नाहीस याबद्दल भेटशील तेव्हा बोलू. तुझ्या बायकोने जे पाठवले त्यावर भागवले. लांबी, रुंदी आणि घेर तेवढ्यातून मिळाला. काम अपेक्षेपेक्षा सोपे गेले. दोन्ही बोटांचे मेण एका दुपारीत झाले, हात कुठे अडला नाही. रंगाच्या काकांनी तुझ्या उन्हातल्या आणि घरातल्या रंगाबद्दल विचारले, तर मी न बघता सांगितले. ते म्हणाले, बाई, आजवर तुमच्या हातून इतके जिवंत काम झाले नाही. मीही डबी बंद करायच्या आधी दोनदा बघितले. हे मी सहसा करत नाही.

दोन एप्रिलला काय झाले ते तीन एप्रिलला लिही. बाकी आहे तसे आहे, आणि तसेच राहील.

ताई

—

ता. ४ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

एक दिवस उशीर झाला. उजव्या हाताने लिहितो आहे, अंगठा आणि अनामिका यांत पेन धरून, म्हणून अक्षर कसंही आलं तरी तपास लावू नकोस.

डबी उघडली. ताई, ती माझीच बोटं आहेत. कोणाचीही शपथ घेऊन सांगेन. तर्जनीचं टोक मधल्या बोटाकडे जरा झुकलेलं, नखाचा अर्धचंद्र मोठा, सगळं माझं. मी ती चढवली आणि हिला दाखवली. हिने माझे दोन्ही हात टेबलावर शेजारी ठेवले आणि म्हणाली, लग्नात बघितली होती ही.

मग मलाही दिसलं. मी अठ्ठावन्नचा आहे. माझ्या डाव्या हाताची पेरं सुजून गाठी झाल्यात, नखं जाड आणि पिवळी, त्यांवर उभ्या रेघा, सरसाने कातडी कापडासारखी झाली आहे. आणि उजव्या हाताला ही दोन तेविशीतली. म्हाताऱ्यांच्या पंगतीत दोन नवरदेव बसावेत तशी. तरी ती घातली. दुसरं काय होतं?

बाई आल्या. चाळिशीच्या असतील, बोलायला कमी. माझ्या हाताकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. विचारलं काहीच नाही, तेच वाईट. पिशवीतून पाठ सुटलेला एक जुना कोश काढला आणि म्हणाल्या, हा कसा उघडाल ते बघायचं आहे. मी सुरी घेतली, पुठ्ठा उचलायला जोर दिला आणि तर्जनी पेरावर फिरली. नख तळहाताच्या बाजूला गेलं. बाईंनी बघितलं. मी बघितलं. ही दारात होती, तिने छताकडे बघितलं.

मी दोन्ही बोटं काढून घडी दाबायच्या हाडाच्या पट्टीशेजारी ठेवली. म्हणालो, “बाई, ही माझ्या ताईने केली आहेत, फार चांगली आहेत, पण त्यांना काम येत नाही. मला येतं.” आणि बसलो. पाठ काढली, जुना सरस खरवडला, सुटलेले फर्मे पुन्हा शिवले. पाऊण तासाचं काम, दीड तास लागला. बाई स्टुलावर बसून राहिल्या. शेवटी शिवण ओढून बघितली, दोनदा, चांगली जोरात. बारा पुस्तकं देते म्हणाल्या. वेळ लागला तरी चालेल, शिवण सैल चालणार नाही. बारा झाली की पुढचं बघू. म्हणजे अजून काही पक्कं नाही, पण शटर आता पूर्ण वर आहे.

बोटं मी परत घालणार नाही. तुझ्या मेहनतीचं वाईट वाटतं. पण एक विचारायचं आहे. समोर नाही ते कोरायचं नाही, हा नियम तूच लिहिला होतास. मग हा हात तू कुठे बघितलास?

ही नमस्कार सांगते. पूर्वी होता तेवढा लोभ आता जपून वापर, म्हातारपणी लागेल.

बारक्या

—

ता. ११ एप्रिल

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

बारा पुस्तके मिळाली हे वाचले. बाईंचे डोके ठिकाणावर दिसते. दीड तासाचा सव्वा तास करायच्या नादात शिवण सैल करू नकोस. आणि जाळी लाव.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर. चूक माझी आहे. छत्तीस वर्षांत ही पहिली, निदान सापडलेली पहिली. माझ्यासमोर एक कागद आणि दोन दोरे होते. लांबी आणि घेर एवढेच त्यांत होते. बाकीचे मी कुठून आणले याचा त्या दुपारी मी विचार केला नाही, कारण हात कुठे अडतच नव्हता. मला वाटले, मला ठाऊक आहे. ओळखीच्या माणसाचे काम मी याआधी कधी केले नव्हते, त्यामुळे हे असे होते हे मला माहीत नव्हते. आता नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायला एक वाक्य वाढले.

तू बाइंडिंग शिकायला घर सोडून गेलास तेव्हा तेवीसचा होतास. ते बरोबर ओळखलेस. पुढे तू चार वेळा आलास, शेवटचे अकरा वर्षांपूर्वी, दोन दिवस. तेव्हा मी तुझ्याशी कारखान्यातल्या कामाबद्दल बोलले आणि तू पुस्तकांबद्दल. हात मी बघितले नाहीत. परक्यांचे रोज बघत होते.

रंगाच्या काकांना मी तुझे पत्र वाचून दाखवले. ते म्हणाले, काम उत्तमच होते, फक्त माणूस चुकला. मी त्यांना गप्प बसायला सांगितले.

काल साहेबांकडे आठ दिवसांची रजा मागितली. रजेचा अर्ज कसा लिहितात ते मला विचारावे लागले. कारकुनाला माझे रजेचे पान सापडेना, कारण ते कधी उघडलेच नव्हते. वीस तारखेला सकाळच्या गाडीने पोहोचते. घ्यायला येऊ नकोस, पत्ता माझ्याकडे आहे. पावडर आणि प्लास्टर मी आणते. तुझ्याकडे एक खोल भांडे आणि एक रिकामे टेबल हवे.

बोटे करायचा आग्रह नाही. तुला नको असतील तर नकोत. पण डाव्या हाताचा नमुना मी घेणार आहे आणि तो कारखान्यात माझ्या फळीवर ठेवणार आहे. हात घासून, नखे कापून, सरस काढून ठेवू नकोस. तो आहे तसा हवा.

माप घेताना पाच मिनिटे हात पावडरीत धरून ठेवावा लागतो आणि हलायचे नसते. परक्या माणसाला मी तेवढ्या वेळात हवापाण्याचे विचारते. तुला काय विचारायचे ते गाडीत ठरवीन.

तुझ्या बायकोला अनेक आशीर्वाद, आणि त्या कागदाबद्दल वेगळे. माझ्या लोभाबद्दल तुला शंका नसावी. मला आता थोडी आहे, ती येऊन मिटवते.

तुझी
ताई