डावीकडून पहिला चेहरा

गुरुवार, १७ मे १९००

शाळेला सुट्टी. शिवणवर्गाच्या बावीस मुलींना घेऊन जागतिक प्रदर्शनाला गेले. तिथल्या सरकत्या फळ्यांच्या चालत्या रस्त्यावर दोघी पडल्या, लागले नाही. नदीच्या पायऱ्यांवर पाव आणि चीज खाल्ले. एक हातमोजा हरवला.

दुपारी रेशमाच्या महालापाशी आलो. त्याच्या प्रत्येक खिडकीवर एका मुलीचा चेहरा बसवला आहे, केसांत गव्हाच्या ओंब्या. बाकीच्या महालांवरच्या बायका हसतात नाहीतर डोळे वटारतात. इथे मुलींतली लेओंतीन म्हणाली, ‘‘बाई, या सगळ्या झोपल्यात.’’

वर पाहिले. ओडिल!

माझी लेक ओडिल. तिला जाऊन दीड वर्ष झाले. एकेचाळीसपर्यंत चेहरे मोजले, मग मुली मोजल्या. बावीस. सगळ्यांना घरी पोचवले.

शुक्रवार, १८ मे

नवरा सूप पीत होता तेव्हा विचारले. आन्सेल्म प्रदर्शनाच्या प्लास्टरकामावर होता. त्याने काही लपवले नाही. मुख्य कारागिराने दोन दिवसांत चेहरा मागितला, नवा घडवायला वेळ नव्हता. ओडिल गेली त्या सकाळी त्याने तिच्या तोंडाचा प्लास्टरचा ठसा घेतला होता. तो कपाटात होता. त्यावरून सरसाचा साचा केला आणि साच्यातून चौऱ्याऐंशी चेहरे काढले.

‘‘मला विचारलंस?’’

‘‘तू नाही म्हणाली असतीस.’’

ठसा कुठे आहे? साचा करताना फुटला. आणि साचा? वितळवून दुसऱ्या कामाला वापरला, सरस कुणी फेकत नाही. तिचा फोटो कधी काढलाच नाही, काढू काढू म्हणत राहिलो. म्हणजे घरात आता तिचा चेहरा नाही, आणि बाहेर चौऱ्याऐंशी.

तो सूप ठेवून उठला. मी ते ओतून दिले.

रविवार, २० मे

पुन्हा गेले. एकटी. लोक माना मागे टाकून बघतात. घुमट, मनोरे, पंखवाले घोडे, कारंज्यांचा आख्खा डोंगर, दाराच्या टोकावर नव्या फॅशनचा झगा घातलेली बाई. एक गृहस्थ बायकोला सांगत होते की हे शतकाचे वैभव आहे. मी मागे वळून भिंतीवर छत्री आपटली. ढोलासारखी वाजली. मोठं घर, पोकळ वासा! मागे लोखंडी गोदाम, पुढे लाकडी पट्ट्या, त्यावर प्लास्टर. नुसते प्लास्टर तडकते म्हणून त्यात तागाच्या बटा घालतात. एका खांबाचा कोपरा आत्ताच उडाला आहे, ताग बाहेर लोंबतो आहे, म्हाताऱ्याच्या कानातल्या केसांसारखा.

असल्या खोट्या गावाला माझी मुलगी लावली.

सोमवार, २१ मे

प्रदर्शनाच्या कचेरीला पत्र टाकले. रेशमाच्या महालावरचे चेहरे उतरवावेत. कारण लिहिले नाही.

रविवार, १० जून

तापात ओडिलचे केस कापावे लागले होते. ती वेणी मी टोपीच्या डब्यात ठेवली होती. डबा उघडायचा धीर दीड वर्ष झाला नव्हता. आज उघडला. निळी रिबन आहे. वेणी नाही.

या घरात केसांना भाव येतो असे बोललेली एकच बाई आहे — नणंद ओनोरीन. ओडिलच्या आजारपणात तीच इथे राहत होती. आज जेवायला आली होती. मी डबा तिच्यासमोर ठेवला.

आधी तिला कळेना. मग कळले. म्हणाली, ‘‘वहिनी, मी गरीब आहे, चोर नाही.’’

मी म्हटले, ‘‘गरीब तर मीही आहे. चालती हो.’’

तिने टोपी घातली, पिना सापडत नव्हत्या, तशीच गेली. आन्सेल्म टेबलाशी बसला होता. पाव कुस्करत राहिला. दार लागल्यावर एवढेच म्हणाला, ‘‘राहू दे आता.’’

रविवार, २६ ऑगस्ट

दर रविवारी जाते. बघायला नाही. पडायला लागले का ते पाहायला. आठवडाभर पाऊस झाला. डावीकडून तिसरीचे नाक गेले. उजवीकडच्या टोकाच्या तर मुळातच पुसट आहेत. सरसाचा साचा दर खेपेला झिजतो, असे आन्सेल्म लग्नाच्या नव्या दिवसांत मोठ्या कौतुकाने सांगायचा. शेवटच्या चेहऱ्यांची ओळख मला कुणी दिली असती तरी पटली नसती.

बुधवार, १२ सप्टेंबर

कचेरीचे उत्तर. छापील. ‘सजावटीविषयीच्या आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत.’

शुक्रवार, २ नोव्हेंबर

कबरीवर शेवंती ठेवली. आन्सेल्म बरोबर होता. उद्या तो हाव्र बंदरात बोट धरणार. अमेरिकेत बफेलो नावाच्या गावी आणखी एक प्रदर्शन उभे राहते आहे, त्यांना प्लास्टरवाले हवेत. मला चल म्हणाला.

‘‘तिकडे कुणाचा चेहरा लावणार?’’ मी विचारले.

तो टोपी हातात फिरवत उभा राहिला. मग म्हणाला, ‘‘पाडायला लागतील तेव्हा एक मागून घे. डावीकडून पहिला.’’

‘‘मला सगळे फुटलेले बघायचेत.’’

‘‘डावीकडून पहिला,’’ तो पुन्हा म्हणाला. एवढाच निरोप.

सोमवार, १२ नोव्हेंबर

प्रदर्शन संपले. तोफा झाल्या. मी चादरी शिवत होते.

गुरुवार, १७ जानेवारी १९०१

रेशमाचा महाल पाडायला घेतला. शाळेला सुट्टी होती, सकाळपासून तिथे उभी राहिले. आठ महिने याचीच वाट पाहिली होती. उजवीकडून सुरुवात केली. दोर लावून ओढतात. दगड पडल्याचा आवाज नाही, पिठाचे पोते पडल्याचा. पांढरा धुरळा उडतो. पहिले दहा पडले तेव्हा बरे वाटले. वीस पडले तेव्हाही. पुढचे मोजले नाही. डावीकडे थोडेच उरले तेव्हा माझ्या लक्षात आले की मी लोकांना अडवायला बांधलेल्या दोरीच्या आत शिरून धावते आहे.

मुकादम ओरडला नाही. कंटाळलेला माणूस. म्हणाला, ‘‘बाई, रोज कुणी ना कुणी येतं. कुणाला सिंह पाहिजे, कुणाला देवदूत. तुम्हाला काय देऊ?’’

‘‘डावीकडून पहिला चेहरा.’’

‘‘तो कशाला, इथला एखादा घ्या, सगळे सारखेच.’’

‘‘ती माझी मुलगी आहे,’’ मी म्हटले. हे मी आजवर कुणाला सांगितले नव्हते.

त्याने वर पाहिले, मग माझ्याकडे. गड्यांना थांबवले. शिडी लावून स्वतः चढला, चेहरा करवतीने मोकळा केला, पोत्यात गुंडाळून दोराने खाली सोडला. जमीन हातभर राहिली असताना गाठ सुटली. कपाळापासून हनुवटीपर्यंत दोन तुकडे.

‘‘माफ करा, बाई.’’

मी दोन्ही तुकडे पोत्यासकट घेतले. ट्राममध्ये मांडीवर ठेवले. घरी दाराशी ठेवून दिले. उघडले नाही.

रविवार, २० जानेवारी

सकाळी उघडले. फुटलेल्या बाजूला ताग नाही. तागाचा रंग गवतासारखा. हे केस आहेत, तपकिरी, बारीक, हनुवटीपासून कपाळापर्यंत नीट विंचरून प्लास्टरमध्ये बसवलेले. पहिल्याच चेहऱ्यात. आणि ओनोरीनला मी हाकलले तेव्हा तो पाव कुस्करत समोर बसला होता!

पाणी कोमट केले. तुकडे परातीत भिजत घातले. दुपारपर्यंत एकेक बट सुटी केली, तीनदा धुतली, खिडकीत वाळवली. वीतभर उरले. विंचरले, तीन पेड घातले, निळी रिबन बांधली.

मग टोपी घातली आणि ओनोरीनच्या घराकडे चालायला लागले.